मदत हवी आहे: गुलमर्गला गोंडोलाच्या (केबल कारच्या) वरचे उतार

मंडळी, फेब्रुवारीत आम्ही पुण्याचे तिघं गुलमर्गला स्कीइंगला चाललोय. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून अफरवट डोंगराच्या मोकळ्या उतारांवर जायचा बेत आहे. मागच्या खेपेला गाईडने तिथे खड्डा खणून दाखवला होता: वर घट्ट थर, खाली जाड साखरेसारखा सुटा बर्फ. कापून सुट्या केलेल्या बर्फाच्या खांबावर फावडं ठेवून त्यावर चार चापट्या मारल्या आणि वरची लादी सपकन घसरली! हिमस्खलनासाठी ३० ते ४५ अंशांचा उतार धोक्याचा, एवढं कळतं. पण हिमस्खलनाचा सरकारी इशारा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. त्यावरून एकेका उताराचा अंदाज कसा बांधता? नवा बर्फ पडल्यावर किती दिवस थांबता? बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) तिथे भाड्याने धड मिळतात का, की इथूनच न्यावेत? बीकनशिवाय आई सोडणार नाही (ते काय असतं हे तिला मीच सांगून बसलोय).