प्रतिसाद: फ्लेक्स की निओप्रीन, आणि साइज
मिनिएचर वॉरगेमसाठी, म्हणजे छोट्या सैनिकांच्या मूर्ती मांडून फाशांनी खेळायच्या युद्धाच्या खेळांसाठी, टेबलावर अंथरायची मॅट फ्लेक्सवाल्याकडून छापून घ्या, स्वस्तात होतं, हे वरच्या प्रतिसादात म्हटलंय ते खरंय, ठाण्यात वाढदिवसाचे बॅनर छापणारे गल्लोगल्ली आहेत, पण ट्यूबलाइटखाली तो फ्लेक्स जाम चमकतो आणि फासे टाकले की असा खडखडाट की खालच्या मजल्यावरचे काका वर येणारच. निओप्रीन, म्हणजे माउसपॅडचंच मटेरियल, महाग पडतं पण आवाज गिळतं आणि सरकत नाही.

मॅट सहा बाय चार फुटांचीच घ्या हे तिथलं म्हणणं मात्र नाही पटलं. वॉरहॅमर ४०के या भविष्यातल्या युद्धांच्या खेळाला २०२० च्या, नियमांच्या नवव्या एडिशनपासून ६० बाय ४४ इंच पुरतं, वन बीएचकेत डायनिंग टेबलवर प्लायवूड टाकून भागतं. दुसऱ्या महायुद्धावरच्या बोल्ट अ‍ॅक्शनवाल्यांनी खुशाल मोठी घ्या. आणि गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे कडा वर वळत नाहीत.