गर्दी नको असेल तर खिओसला जा

सांतोरिनीच्या रेटारेटीला वैतागून 'ग्रीसच्या बेटांवर शांत गाव उरलंय का?' असं विचारलंत, म्हणून लिहितोय. उरलंय. तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर खिओस बेट आहे, त्याच्या दक्षिणेला मेस्ता.

मेस्ता म्हणजे माणसं राहतात असा किल्लाच. १३४६ ते १५६६ बेट इटलीतल्या जेनोवाच्या ताब्यात होतं, तेव्हाची ही रचना, चाच्यांच्या भीतीने केलेली. कडेच्या घरांच्या पाठभिंती हाच तट, आत वाकडेतिकडे बोळ, डोक्यावर कमानी. आम्ही दोनदा चुकून त्याच वळणावर परत आलो. दारात बसलेल्या आजीबाईंची मस्त करमणूक झाली.

आणि एवढा बंदोबस्त कशासाठी, तर झाडाच्या डिंकासाठी! आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात 'रूमी मस्तकी' मिळते ना, तीच. उन्हाळ्यात बुंध्याखाली पांढरी माती पसरतात, मग खोडाला बारीक चिरा पाडतात. चीक ठिबकून मातीवर घट्ट होतो. पुढे घरोघरी एकेक खडा निवडून साफ करायचा, हे काम भयंकर चिकाटीचं. मस्तकी पिकवण्याची ही पद्धत २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

जवळच्या पिर्गीत घरांवर गिलावा खरवडून काढलेली काळी-पांढरी नक्षी आहे. बघाच, पण मुक्काम मेस्तालाच करा. दुपारी सगळं चिडीचूप असतं, पुणेकरांना परकं वाटणार नाही. बसच्या भरवशावर मात्र राहू नका, गाडी भाड्याने घ्या.