मांडून काढलेले छायाचित्र बनावट ठरते का?

प्रश्न (अंबाजोगाई)
मी २३ वर्षांचा आहे आणि गेली दोन वर्षे, प्रसंग दिसेल तेव्हा टिपण्याऐवजी तो आधी रचून, पात्रे बसवून, दिवे लावून मग छायाचित्र काढतो. अलीकडच्या चित्रात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे घर आहे: सागवानी खांबांची ओसरी, दाराला कुलूप, पायरीवर एकटी बसलेली आजी आणि गल्लीच्या तोंडाशी दिवे चालू ठेवून उभा असलेला ट्रॅक्टर. आजी म्हणजे माझी आत्या असून ट्रॅक्टर शेजाऱ्यांकडून मागून आणला होता. एका प्रदर्शनात परीक्षकांनी हे चित्र ‘बनावट’ म्हणून परत केले. हा आक्षेप योग्य आहे का? दुसरी अडचण अशी, की आकाशाचा मला हवा असलेला निळा रंग दहा मिनिटेही टिकत नाही, आणि तेवढ्या वेळात दिवे, आत्या आणि ट्रॅक्टर हे सगळे जमवणे अशक्य होते.

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)
मी चित्रकला शिकवतो. तुमच्यावरचा आक्षेप जवळजवळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य दृश्य उभे केले आणि त्याची प्रत राणी व्हिक्टोरियाने विकत घेतली. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून मरणासन्न मुलीचे चित्र रचले, तेव्हा मात्र लोक दुखावले. असा प्रसंग कुंचल्याने रंगवलेला त्यांना चालत होता, पण कॅमेऱ्याने दाखवलेले दुःख प्रत्यक्ष घडलेलेच असणार, अशी त्यांची समजूत होती. सिंडी शर्मन यांनी १९७७ ते १९८० या काळात, कधीच न निघालेल्या चित्रपटांतील दृश्ये वाटावीत अशी छायाचित्रे स्वतःच निरनिराळ्या स्त्रियांची सोंगे घेऊन काढली. आपल्याकडे पुष्पमाला एन. यांनीही अशी सोंगे घेतली आहेत. त्यांना कोणी खोटे म्हणत नाही, कारण तिथे सोंग लपवलेले नाही. (आपल्या वडीलधाऱ्यांनी जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या चंद्रावर बसून काढलेले फोटोही आपण भिंतीवर लावतोच.) म्हणून माझा उलट प्रश्न असा, की तुम्ही प्रवेशिका कोणत्या विभागात दिली होती? वृत्तछायाचित्रांच्या विभागात दिली असेल, तर परीक्षकांचे चुकलेले नाही.

उत्तर २ (परभणी)
माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा, त्यामुळे फक्त उजेडाविषयी लिहितो. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत आपल्या अक्षांशावर बावीस-चोवीस मिनिटे लागतात, आणि त्यात आकाश व घरातला दिवा एकमेकांच्या तोडीचे दिसतात ती वेळ त्याहूनही कमी. अमेरिकी छायाचित्रकार ग्रेगरी क्रूडसन याच तिन्हीसांजेच्या उजेडावर काम करतात, पण त्यांच्या हाताशी चित्रपटाच्या सेटवर असावा तसा मोठा ताफा असतो, आणि तरीही ते अनेकदा एकाच चित्रासाठी वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडतात. तुम्हीही जोडा. ट्रायपॉड पक्का रोवा, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल) हाताने ठरवून कायम ठेवा, आकाश त्याच्या वेळेला टिपा. अंधार पडल्यावर कॅमेरा तसूभरही न हलवता ओसरी, आत्या आणि ट्रॅक्टर सावकाश, एकेक करून घ्या. घरात पांढरा एलईडी लावू नका, कारण पिवळ्या बल्बशेजारीच आकाश निळे वाटते. ट्रॅक्टरच्या दिव्यापुढे बटर पेपर धरला, की उजेड मऊ होतो.
क्रूडसन रस्ते ओले करून घेतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये फोटोसाठी गल्लीत टँकर रिकामा करणे मला तरी शोभणारे वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही. ओल्या जमिनीवरची चमक दिवा आणि कॅमेरा यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यातच दिसते, तेवढ्यापुरता दोन बादल्यांचा सडा पुरे होतो.

उत्तर ३ (धारूर)
माझे आईवडील अकरा हंगाम कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला गेले, म्हणून मला या चित्रात वेगळीच गोष्ट खटकली. ज्यांच्या ओसरीला सागवानी खांब असतात, त्या घरातली माणसे मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेत नाहीत. आमचे घर पत्र्याचे होते आणि दाराला कुलूप नव्हे, तार गुंडाळलेली असे. ट्रॅक्टर यायचा तेव्हा त्यात पेटी, अंथरूण, भांडी, एखादी शेळी असे सगळे चढत असे, आणि मागे राहिलेली आजी पायरीवर शांत बसत नसे, कारण दोन नातवंडे तिच्या पदराला असत. प्रसंग रचला याला माझी हरकत नाही, तो न विचारता रचला याला आहे. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून जव्हारच्या कोकणा आणि वारली मुखवटे घडवणाऱ्यांबरोबर काम केले, तेव्हा त्यांनी मुखवटे त्याच कारागिरांकडून करवून घेतले आणि चित्रांत तीच माणसे उभी राहिली. तुम्हीही ऊसतोड्यांची टोळी परत आली की त्यांनाच सांगा, आमचे निघणे आम्हाला मांडून दाखवा म्हणून.

प्रश्नकर्ता (अंबाजोगाई)
प्रवेशिका वृत्तछायाचित्रांच्याच विभागात दिली होती, हे कबूल करतो. खांबांवर उजेड सुरेख पडतो, एवढ्यासाठीच तो वाडा निवडला होता. हंगाम संपला की आमच्या गल्लीमागच्या वस्तीवर जाऊन विचारतो, आणि त्यांनी होकार दिला तर त्यांच्या दिवसाच्या मजुरीची सोय आधी करतो. परभणीच्या काकांना एक शंका: बटर पेपर दिव्यावरच चिकटवला तर चालेल का?

उत्तर २ (परभणी)
हॅलोजन असेल तर करपेल. लाकडी चौकटीवर ताणून हातभर पुढे धरायला एक माणूस ठेवा.