विषय: भाचीच्या राहण्याचं काय करू? शुक्रवारपर्यंत शाळेला कळवायचंय

सु. (चेरी हिंटन)

नमस्कार केंब्रिज मंडळातल्या सगळ्यांना,

काही जणींशी फोनवर बोलणं झालंय, पण इतरांचंही मत हवंय. भाचीचा इथल्या भाषाशाळेत १२ आठवड्यांचा इंग्रजीचा कोर्स जुलैत सुरू होतोय. शाळेने दोन पर्याय दिलेत. एक म्हणजे होस्ट फॅमिलीत खोली, नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुसरा, तशाच घरात नुसती खोली आणि स्वयंपाकघर वापरायची मुभा. शाकाहारी चालतं म्हणतात, पण ती चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही, आणि ते इंग्रज घरात रोज कसं सांभाळणार? ताईचं म्हणणं, मावशीचं घर असताना पोरीला परक्याकडे कशाला ठेवायचं? मला दोन्ही पटतं, म्हणून अडलंय.

ट्रम्पिंग्टनचे काका

घरीच ठेव. यात विचारायचं काय? आणि पोरीला पहिल्या रविवारी सेंट जॉन्स कॉलेजला घेऊन जा. १८९९ साली रँग्लर परांजपे तिथूनच सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आले. आमच्या वडिलांनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की मी इथे उतरल्यावर पहिल्यांदा तेच दार शोधलं. पुढे नारळीकरही केंब्रिजलाच शिकले. तिला कॉलेज कोणतं मिळालंय?

सचिव

काका, कॉलेज नाही. ही खाजगी भाषाशाळा आहे, विद्यापीठाशी तिचा संबंध नाही. हिल्स रोडच्या बाजूला अशा बऱ्याच आहेत. विद्यापीठाची सत्रं जूनमध्ये संपतात आणि ऑक्टोबरात सुरू होतात. मधल्या काळात काही कॉलेजं समर स्कूलना खोल्या देतात, त्यामुळे गावाकडे सगळ्यांचा समज होतो की मुलगी केंब्रिजला शिकली. ताईंना हे आत्ताच स्पष्ट सांगा, नाहीतर मुलीच्या लग्नाच्या बायोडाटात भलतंच छापून येईल आणि उत्तरं तिला द्यावी लागतील. शाळा मान्यताप्राप्त आहे ना, एवढं मात्र बघा. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं, पण संस्था मान्यताप्राप्त लागते.

अशा चौकशा आधी माझ्याकडे पाठवा, ही विनंती मी मागेही केली होती. मागच्या वेळी तीन जणांनी तीन सल्ले दिले आणि त्या मुलाचा अर्ज रखडला.

आर्बरीच्या वहिनी

सु., तुझ्याकडे खोली लहान आहे, माहितीये मला. आमच्याकडे वरची खोली रिकामीच आहे. भाडं नको. संध्याकाळी दोन तास जुळ्यांकडे बघितलं तरी पुरे, आणि कांदा-लसूण आमच्याकडेही चार महिने बंदच असतो.

सचिव

वहिनी, प्रेमाने म्हणताय हे कळतं, पण हे करू नका. राहण्या-जेवणाच्या बदल्यात मुलं सांभाळणं हे कामच धरलं जातं, पैसे दिले नाहीत तरी. व्हिजिटरला काम करायला बंदी आहे. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं आणि पोरीने भोळेपणाने "जुळ्यांना सांभाळणार" सांगितलं तर तिथूनच परत पाठवू शकतात. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. बर्ली स्ट्रीटवरच्या चॅरिटी शॉपमध्ये विचारा, तिथे गिऱ्हाइकांशी दिवसभर इंग्रजी बोलावं लागतं.

आर्बरीच्या वहिनी

बरं. बदल्यात काही नको मग, नुसतं राहू दे.

ॲडनब्रुक्सची प्र.

सु. मावशी, मी ॲडनब्रुक्स हॉस्पिटलात नर्स आहे म्हणून लिहिते. ती नर्सच आहे ना? मग आधी हे ठरवा की तिला कोणती परीक्षा द्यायचीय. एनएमसी, म्हणजे इथली नर्सिंगची नोंदणी संस्था, आयईएलटीएस ॲकॅडमिक किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षाच धरते. आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि ऐकणं, वाचणं, बोलणं यांतही प्रत्येकी ७ लागतात, लेखनात मात्र ६.५ चालतं. माझं लेखन फार काळ अडकलं होतं, कारण नेमकं काय चुकतंय ते सांगणारं कुणी नव्हतं. ओईटीत रुग्णाचं पत्र लिहायचं असतं आणि बोलण्याची परीक्षा रुग्ण-नर्स संवादाची असते, त्यामुळे आपल्याला ती जवळची वाटते.

आता राहण्याचं. मी पहिला महिना मावसभावाकडे राहिले. त्याने काहीही कमी केलं नाही. पण वॉर्डात हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटांची माहिती देणं, सुरू झालं की मी गप्प. शब्द माहीत होते, कान तयार नव्हता. म्हाताऱ्या पेशंटांचं हळू, तुटक बोलणं, फोनवरचा आवाज, "ऑल राइट, लव्ह?" म्हटल्यावर काय उत्तर द्यायचं, हे वर्गात येत नाही. होस्टच्या स्वयंपाकघरात बसून, कचरा कोणत्या डब्यात टाकायचा यावर बोलताना येतं. म्हणून मी हट्टाने सांगते, होस्ट फॅमिलीच घ्या, पण खोली-स्वयंपाकघरवाला पर्याय. ती स्वतःची भाजी-भाकरी करेल आणि त्याच ओट्यापाशी उभं राहून बोलेल. डाळी आणि मसाले मिल रोडला मिळतात.

ट्रम्पिंग्टनचे काका

सचिवांनी लिहिलेलं वाचलं. माझ्या सुनेच्या भावाने सी१ ॲडव्हान्स्ड ही इंग्रजीची परीक्षा दिली, ती आयुष्यभर चालते असं तो म्हणतो. आयईएलटीएस दोन वर्षांत संपतं. मग तीच का नको?

ॲडनब्रुक्सची प्र.

काका, त्याला विद्यापीठात प्रवेश हवा होता. तिला नर्सिंगची नोंदणी हवी आहे, तिथे सी१ ॲडव्हान्स्ड धरत नाहीत. फी आधीच भरली असेल तर शाळेला विचारा, ओईटीची तयारी शेवटचे चार आठवडे जोडता येते का. आणि परीक्षा कोर्स संपल्या संपल्या द्यायला लावा, गावी गेल्यावर कान पुन्हा मंदावतो.

सु. (चेरी हिंटन)

सगळ्यांचे आभार. ताईशी तासभर बोलले. ती सुरुवातीला रागावली, पण प्र.चं वाचून दाखवल्यावर म्हणाली, "मग रविवारी जेवायला तरी तुझ्याकडे येऊ दे." तसंच ठरलंय. स्वयंपाकघरवाल्या पर्यायाला होकार कळवला आहे. घर चेस्टरटनला आहे, बाई निवृत्त शिक्षिका आहेत. चातुर्मासाचं पत्र मीच त्यांना लिहिणार आहे. तवा आणि दोन डबे वेगळे ठेवायला त्या तयार होतील का, ते विचारते.

आर्बरीच्या वहिनी, बुधवारी ती तुमच्याकडे येईल, नुसती गप्पांना.

आता सायकल. सेकंडहँड कुणाकडे आहे का? पुढचा-मागचा दिवा चालू हवा, कारण सप्टेंबरात ती वहिनींकडून किंवा माझ्याकडून परतेल तोवर अंधार पडलेला असेल. उंची पाच फूट दोन.