मदत हवी आहे: पाइपमधली फ्लेक सतत विझते आणि जीभ सोलवटली

फिरस्ता_लँकेस्टर
कोणीतरी लवकर सांगा, वैताग आलाय. पाइपसाठी फुल व्हर्जिनिया फ्लेकचा, म्हणजे दाबून पट्ट्या कापलेल्या तंबाखूचा, डबा आणला. जो तो म्हणतो की सुक्या गवताचा, ताज्या पावाचा, शिजवलेल्या मनुकांचा स्वाद येतो. मला नुसती गरम वाफ येते. चार झुरके झाले की विझते. अर्ध्यावर नळीत गुरगुर सुरू होते आणि जिभेचं टोक सोलून निघतं. काल साधं वरण झोंबलं. तंबाखू खराब निघाली का? डबा परत करू? आज रात्री पुन्हा भरणार आहे, त्याआधी उत्तर हवंय.

ब्रायरवाला
कोणाची फ्लेक? पाइप कोणता, बाउल (तंबाखू भरायची वाटी) केवढा, भरता कशी? डबा उघडल्यावर वाळवली होती का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

फिरस्ता_लँकेस्टर
सॅम्युएल गॉविथ, ५० ग्रॅमचा डबा. पाइप नेहमीचाच. भरतात तशी भरली.

कृष्णाकाठ
गॉविथ म्हणजे इंग्लंडमधल्या केंडल गावचे, १७९२ पासूनचे. तुमच्यापासून जवळच आहे की! केंडलचं मूळ नाव तपकिरीसाठी. आमच्या आजीच्या कमरेला तपकिरीची डबी कायम असायची. तिकडे अजून मिळते का, तेवढं बघून सांगाल?

ब्रायरवाला
कृष्णाकाठ, तपकीर नंतर. फिरस्ता, गॉविथची फ्लेक डब्यातून निघते तीच ओलसर. पानं दाबून वडी करतात, वाफेवर तापवतात, म्हणून रंग काळपट होतो आणि मग पट्ट्या कापतात. ती तशीच भरलीत तर आधी पाणी उकळणार, मग पान जळणार. तुमची जीभ त्या वाफेने भाजतेय. पट्टी मोडून कागदावर पसरा. चिमटीत दाबून सोडली की गोळा राहता कामा नये, सुटली पाहिजे, आणि कडा बोटाला कोरड्या लागल्या पाहिजेत. लँकेस्टरच्या दमट हवेत तासाभरात होणार नाही, दोन-तीन तास धरा. डबा परत करू नका, उत्तम माल आहे.

सह्याद्री७२
एवढा वेळ कशाला? मायक्रोवेव्हमध्ये दहा-दहा सेकंद फिरवा. मी नेहमी असंच करतो.

ब्रायरवाला
आणि सुगंध स्वयंपाकघरात उडून जातो. पन्नास ग्रॅमला एवढे पैसे मोजून हे करायचं?

सह्याद्री७२
माझ्या फ्लेकला माझ्या मायक्रोवेव्हमध्ये काही झालेलं नाही. स्वतः केल्याशिवाय बोलू नये.

निपाणीकर_तात्या
अहो, तंबाखू मळायची असते! आमच्याकडे बिडीची तंबाखू उन्हात वाळते, तिच्यात साखर राहत नाही. व्हर्जिनियाचं पान बंद भट्टीत गरम हवेवर सुकवतात. आधी पिवळं होऊ देतात, तेव्हा पानातल्या स्टार्चची साखर होते, मग उष्णता वाढवून ती तशीच धरून ठेवतात. गोडवा त्यातूनच येतो. पण साखरेचं पान जोरात ओढलं की फार तापतं. पट्टी तळहातावर घेऊन अंगठ्याने सावकाश मळा, धागे मोकळे होऊ द्या. १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात मी तरुण होतो, शरद जोशींची भाषणं रस्त्यावर बसून ऐकली आहेत. तेव्हा दर काय मिळायचा हे या पोरांना

निपाणीकर_तात्या
अर्धवटच गेलं. आंदोलनाचं सविस्तर लिहीन.

धागा_व्यवस्थापक
तात्या, जरूर लिहा, पण नवीन धाग्यावर.

पेठेतला
फ्लेक मळणं म्हणजे तिची वाट लावणं. दुमडून आडवी पिळायची आणि तशीच बाउलमध्ये सरकवायची. तरच ती संथ जळते आणि तळाशी खरा गोडवा येतो. फिरस्ता, पुण्याला येताना दोन डबे आणाल का? १२५ ग्रॅमपर्यंत कस्टममध्ये सूट आहे.

ब्रायरवाला
नवख्याला दुमडायला सांगू नका. ओल्या, घट्ट फ्लेकमधून हवाच जात नाही. मग माणूस जोर लावतो आणि पोळतो. आधी मळून ओढू दे.

डॉ_मनीषा
कोणी विचारलं नाही, तरी सांगते. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका पाइपमध्येही आहेच. जीभ सोललेली असताना आज रात्री ओढूच नका. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर डॉक्टरांना दाखवा. भारतातल्या वाचकांनी सोडायची असेल तर १८००-११-२३५६ वर मोफत सल्ला मिळतो.

फिरस्ता_लँकेस्टर
ताई, आज नाही ओढत. पण बाकीच्यांनी मुद्द्याचं बोला. पाइप ब्रायरच्या लाकडाचा आहे, आजवर त्यात चेरी-व्हॅनिलाच्या वासाची तंबाखू ओढायचो. पेटवतो जेट लायटरने.

ब्रायरवाला
हे पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं! जेटची ज्योत पानाचा वरचा थर करपवते. काडी वापरा. आधी वरवर पेटवून विझू द्या, राख हलकेच दाबा, मग पुन्हा पेटवा. त्यानंतर श्वासाच्या लयीत, जेमतेम धूर येईल एवढंच ओढा. बाउल हाताला पोळला की खाली ठेवा. गुरगुर आली की नळीत पाइप क्लीनर (ओल टिपणारी लवचीक तार) घाला. आणि चेरी-व्हॅनिला ओढलेल्या पाइपमध्ये व्हर्जिनियाचा नाजूक वास लागणार नाही. तिला वेगळा पाइप द्या, अरुंद बाउलचा.

फिरस्ता_लँकेस्टर
चार दिवस थांबून काल ओढली. जीभ बरी आहे. फ्लेक रात्रभर वाळवली, मळली, काडीने पेटवली. पहिल्या अर्ध्यात खरंच पावाच्या कडेसारखा गोडवा आला, मधूनच चिंचेसारखं आंबूस. फारच सुंदर. पण तळाशी अजून विझते.

पेठेतला
रात्रभर म्हणजे जास्तच वाळवलीत. दुमडून बघा म्हणतो ना.

ब्रायरवाला
विझली तर पेटवायची, फ्लेकला पुन्हा काडी लागतेच. तळाचा ओला गाळ ओढत बसू नका, झटकून टाका. बाउलची आतली रुंदी किती आहे ते अजून सांगितलं नाहीत.