ठाणे-नवी मुंबईतले ससेपालक, तुमचे अनुभव लिहा (विशेषतः चुकलेले)

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी बुटांच्या खोक्यात एक पांढरा ससा सापडला. सोबत अर्धं गाजर आणि ब्रेडचे दोन तुकडे. माझ्याकडे सहा वर्षं ससे आहेत हे वॉचमनकाकांना माहीत आहे, म्हणून ते खोकं घेऊन थेट वर आले. सशाचे खालचे दात वाढून ओठाबाहेर वळले होते. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. तासन् तास गवत दळलं तरच ते झिजतात. या बिचाऱ्याला गवत मिळालंच नसावं.

सोडणाऱ्याचा राग आलाच. पण ससा विकताना त्याला हे कुणी सांगितलं असेल का, असंही मनात आलं. म्हणून हा धागा. ससा आणण्याआधी तुम्हाला काय कळायला हवं होतं, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्या सशाने एका रात्री मेथीला तोंड लावलं नाही. मला वाटलं, उकाडा आहे. सकाळी ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती, तरी मी ऑफिसला गेले. संध्याकाळी तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, दात करकरत होता, पोट टणक झालं होतं. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला. सशाला उलटी होत नाही. आतडी थांबली की गॅस आतच कोंडतो. दुखणं तो लपवतो, कारण रानात आजारी दिसणारा ससा आधी मारला जातो. दहा-बारा तास खाणं नाही, लेंड्या नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही. आता मी चहाचं आधण ठेवण्याआधी ट्रे बघते.

कासारवडवली

चौदावा मजला, पश्चिमेची बाल्कनी. वारा येतो म्हणून पिंजरा तिथेच ठेवला होता. मे महिन्यात दुपारी दोन तास वीज गेली. मी झोपलो होतो. उठून पाहिलं तर ससा आडवा, कान तापलेले, तोंड उघडं टाकून धापा टाकतोय. ससा नाकाने श्वास घेतो. तोंड उघडलं म्हणजे अगदी शेवटची वेळ. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते केलं: कानांना साध्या गार पाण्याचा हात, बर्फ अजिबात नाही, आणि लगेच रिक्षा. वाचला.

त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून जाते. ३० अंशांपुढे त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे त्यात दमटपणाची भर. आता तो आतल्या खोलीत, उघड्या फरशीवर असतो. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या; टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली की तो स्वतःच तिला टेकून बसतो. मार्च ते मे आणि मग ऑक्टोबर, हे महिने मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवतो.

नेरूळ

"दोन्ही माद्या आहेत, ताई, निश्चिंत राहा." दुकानदाराच्या या वाक्यावर विश्वास ठेवला. चार-पाच महिन्यांनी एक जण छातीचे केस उपटून कोपऱ्यात गोळा करायला लागली. मी त्वचारोग समजून डॉक्टर शोधत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्या केसांत सहा गुलाबी पिल्लं.

पुढचं लिहायला जड जातं, पण लिहिते. आई पिल्लांजवळ बसेचना. टाकून दिली असं समजून मी ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. एका पिल्लाच्या श्वासनलिकेत दूध गेलं आणि ते गेलं. नंतर कळलं की सशाची आई दिवसातून एक-दोनदाच, बहुधा रात्री किंवा पहाटे, काही मिनिटं पाजते आणि लांब राहते. घरट्याकडे शत्रूचं लक्ष जाऊ नये म्हणून. पिल्लांची पोटं गोल आणि अंग ऊबदार असेल तर हात लावायचा नाही. ती आपलं काम नीट करत होती, मीच मध्ये आले.

नर वेगळा करायला मला दोन दिवस लागले, तोवर ती पुन्हा गाभण. व्यायल्याच्या दिवशीही मादी गाभण राहू शकते, आणि महिनाभरात पुढची वीत. म्हणजे दोनाचे चौदा व्हायला काहीच वेळ लागत नाही. शेवटी दोघांचंही ऑपरेशन केलं. मादीचं करावंच, कारण वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका फार असतो. पण डॉक्टर सशांचा अनुभव असलेले हवेत. जवळच्या एका दवाखान्यात मला "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा" सांगितलं होतं. कुत्र्या-मांजरांना ते ठीक, सशाला उपाशी ठेवत नाहीत. मी तिथून परत फिरले आणि परळला बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत चौकशीला गेले. ससा आणण्याआधी डॉक्टर शोधा, हे माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं.

वाशी

मी निवृत्त आहे, सशाचं खाणंपिणं माझ्याकडे. पहाटे मार्केटमधून मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, मक्याची हिरवी सालं आणतो. दोन पाण्यांतून धुऊन, निथळून देतो. कोबी नाही, गाजर आठवड्यातून दोन चकत्या. पण मुख्य जेवण सुकं गवत, ताटातला चार-पंचमांश भाग तेच. पार्सलने टिमोथी मागवतो, जोडीला हरळी. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात थोडं थोडं भरतो आणि रोज वास घेऊन बघतो.

आणखी एक: पहाटे तो स्वतःच्या मऊ लेंड्या खातो. सूनबाईंना किळस यायची. ते त्याचं अन्नच आहे, त्यातून जीवनसत्त्वं मिळतात. अडवू नका.

ऐरोली

माझं छोटं आहे. सशाच्या अंगावर पिसवा दिसल्या. ओळखीच्या दुकानातून कुत्र्यांचे मानेवर टाकायचे थेंब आणले आणि टाकले. त्यात फिप्रोनिल होतं. सशाला ते विषारी. दुसऱ्या दिवशी आकडी आली, तिसऱ्या दिवशी गेला. तीन वर्षं झाली. कृपया, कुत्र्याचं, मांजराचं किंवा माणसाचं औषध सशाला स्वतःच्या मनाने देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं साधं वाटणारं अँटिबायोटिकही तोंडाने दिलं तर त्याच्या जिवावर बेततं.

वर्तकनगर

घरात भांडण झालं तेव्हाचं सांगते. सासरे म्हणाले, "येऊरला सोडून या, रानातला जीव रानात सुखात राहील." ते वाईट मनाने म्हणत नव्हते. पण आपल्या रानातला ससा वेगळा, हा वेगळा. रानातला करड्या-तपकिरी रंगाचा, उघड्यावर राहणारा, मानेमागे काळा पट्टा असलेला. त्याला १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे. आपल्या घरातले युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशांचे वंशज. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, तिथे बिबटे आहेत, वाटेवर भटकी कुत्री आहेत. पांढराशुभ्र प्राणी तिथे एक रात्र काढेल का? आणि असं उपाशीतापाशी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. मी सासऱ्यांना हे सगळं सांगितलं. आता संध्याकाळी हरळी तेच खुडून आणतात.

खारघर

नऊ वर्षांच्या मुलीसाठी आणला. तिला तो कुशीत हवा होता, त्याला उचललेलं अजिबात आवडायचं नाही. हातात तो इतक्या जोराने लाथा झाडतो की स्वतःचा कणा मोडून घेऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी घाबरले. मग नियम केला: उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं. पंधरा दिवस ती फरशीवर पुस्तक घेऊन बसली. सोळाव्या दिवशी तो येऊन तिच्या पायाला हनुवटी घासून गेला. "आई, मी त्याची झाले," म्हणाली. खरंच तसंच असतं, हनुवटीतल्या गंधाने तो आपली वस्तू ठरवतो.

आता ती तेरा वर्षांची आहे, क्लास असतात, आणि ट्रे बहुतेक मीच साफ करते. ससा आठ-दहा वर्षं जगतो. पाचवीत आणलेला ससा बारावीतही घरात असणार, हे आईवडिलांनी आपल्यासाठी म्हणून धरून चालावं.

कोपरी

ताई, आम्ही गणपतीला सात दिवस गावी, देवगडला जातोय. ससा गाडीतून नेऊ का? की गवत-पाणी भरून ठेवू आणि शेजारी एकदा डोकावतील?

धागाकर्ती

दोन्ही नको. एवढ्या प्रवासात तो खाणं सोडेल, आणि दिवसातून एकदा डोकावणाऱ्याला न खाल्लेली रात्र कळणार नाही. माझ्याकडे आणून द्या. त्याचा ट्रे न धुता आणा, त्याला स्वतःचा वास ओळखीचा असतो. रोजचंच गवत पिशवीभर द्या, नवीन काही नको. ढोलताशांची मिरवणूक आमच्याच रस्त्याने जाते, त्या रात्री मी खिडक्या लावून सशांच्या खोलीत झोपते. फक्त पहिल्यापासून वेगळ्या खोलीत ठेवीन, अनोळखी ससे एकमेकांना रक्त येईपर्यंत चावतात.

खोक्यातल्या सशाबद्दल काहींनी विचारलंय. डॉक्टरांनी दात मशिनने घासून दिले. चार दिवस मी त्याला सिरिंजने भरवत होते, दर तीन तासांनी. आज पहाटे त्याने हरळीची काडी स्वतःहून ओढली, आणि ट्रेमध्ये मूठभर लेंड्या होत्या, गोल, कोरड्या.