नाताळात स्टॉकहोम, सासू-सासऱ्यांना घेऊन

विषय: २३ ते २७ डिसेंबर, स्टॉकहोम
प्रेषक: लिनशॉपिंगकर

सप्रेम नमस्कार मंडळी,

आम्ही ऑगस्टातच स्वीडनमध्ये लिनशॉपिंगला आलो. गणपतीत काहींची ओळख झाली, बाकीच्यांना या मेलनेच नमस्कार.

डिसेंबरात रत्नागिरीहून सासू-सासरे येताहेत. ह्यांची सुट्टी २३ पासून सुरू होते म्हणून २३ ते २७ स्टॉकहोम असा बेत केलाय. हॉटेल स्टेशनजवळ घेतलंय, अजून रद्द करता येईल. सासरे बंदर खात्यातून निवृत्त झालेत, चालायला खणखणीत आहेत. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि गुडघे कुरकुरतात. दोघांना व्हॉट्सअॅपवर फिरणारा "तो बाजार" बघायचाय: लाल लाकडी टपऱ्या, त्यांच्यावर बर्फ, मागे उंच रंगीत घरं. या दिवसांत काय काय बघून होईल? आणि जेवायचं कुठे?

विषय: उत्तर: २३ ते २७ डिसेंबर, स्टॉकहोम
प्रेषक: सोल्न्याची ताई

स्वागत गं. आधी वाईट बातमी सांगून टाकते.

फोटोतला बाजार म्हणजे गामला स्तानमधला, म्हणजे जुन्या शहरातला, स्तूरतोर्येत चौक. तो बाजार २३ तारखेला आवरतो. दुपारी पोचलात तर शेवटचे काही तास मिळतील, तोवर निम्म्या टपऱ्यांत उरलासुरला माल असतो. दुसरा मोठा बाजार स्कानसेन या खुल्या संग्रहालयात, १९०३ पासून भरतो, पण तो नाताळाआधीच्या शनिवार-रविवारी. म्हणजे तुमच्या तारखांना तोही नाही. वासा या जुन्या जहाजाचं संग्रहालय २४ आणि २५ दोन्ही दिवस बंद. दारूची सरकारी दुकानं बंद (सासरे घेत असतील तर २३ च्या आत बघा). २४ ला दुपारपासून बाकीची दुकानंही शटर ओढतात, आणि २६ ला जी उघडतात ती थेट सेलचे बोर्ड लावून.

आपल्याकडच्या सिनेमांमुळे वाटतं की नाताळ म्हणजे २४-२५ ला रस्त्यावर जल्लोष. इथे उलट आहे. महिनाभर शहर सजतं, खातं, गातं आणि २४ ला घरात शिरून दार लावून घेतं. पाहुण्या माणसाची अवस्था दिवाळीत पुण्यात अडकलेल्या मेसवाल्या पोरासारखी होते.

माझं ऐकाल तर १२ ते १५ डिसेंबर करा. १३ ला लुसिया असते. पांढरे झगे, कमरेला लाल पट्टा, पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, आणि अंधारातून गात येणारी रांग. चर्चमध्ये संध्याकाळचे कार्यक्रम असतात, तिकीट आधी काढावं लागतं. त्या आठवड्यात बाजार चालू, वासा चालू, एनके या मोठ्या दुकानाच्या काचांमागे हलत्या बाहुल्या चालू. ह्यांना सुट्टी नसेल तर तुम्ही तिघं या, ट्रेनने दोन तासांच्या आत पोचाल, ह्यांना शनिवारी बोलवा.

तारखा काहीही असोत, दोन गोष्टी पक्क्या. सूर्य पावणेनऊला उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो, तेव्हा "सकाळी लवकर निघू" हा आपला हिशेब इथे कामाचा नाही. उजेडात बघायचं ते अकरा ते दोनमध्ये बसवा. आणि बर्फाची खात्री देऊ नका. स्टॉकहोमात नाताळला बऱ्याचदा पाऊसच असतो, नाहीतर पडलेला बर्फ दिवसा वितळून रात्री काचेसारखा गोठतो. सासूबाईंसाठी ब्रोद्दार घ्या, म्हणजे बुटांवर ताणून बसवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे. टाचेपुरते मिळतात ते नकोत, पूर्ण तळव्याचे घ्या. दुकानात शिरताना मात्र काढायचे, फरशीवर तेच घसरतात. इमारतींच्या भिंतींना टेकवलेल्या काठ्या किंवा फुटपाथवर ताणलेली पट्टी दिसली तर बाजूने जा. वर छतावर माणसं बर्फ खाली ढकलत असतात.

विषय: उत्तर: २३ ते २७ डिसेंबर, स्टॉकहोम
प्रेषक: माल्मोकर

स्टॉकहोम सोडा, कोपनहेगन करा! तिवोली १८४३ ची बाग, तिथे १९९४ पासून नाताळचा हंगाम असतो. २५ ला संध्याकाळीसुद्धा दिवे, पाळणे सगळं चालू. माल्मोहून पूल ओलांडून चाळीस मिनिटं. राहायला आमच्याकडे या, वरणभात नक्की.

(स्टॉकहोमकरांनी रागावू नये. रागावलेत तरी चालेल.)

विषय: उत्तर: २३ ते २७ डिसेंबर, स्टॉकहोम
प्रेषक: एन्शेदेकाका

माल्मोकरांची जाहिरात वाचली. दरवर्षी येते, यंदा वरणभात नवीन.

सोल्न्याच्या ताईंनी बंदची यादी बरोबर दिली आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. लुसिया सुंदर असते, वाद नाही. पण त्या आठवड्यात तुम्हाला दिसेल तो बाजार, आणि बाजार जगात कुठेही बघता येतो. हे लोक सण कसा करतात हे बघायचं असेल तर २४ लाच या. फक्त कुठे उभं राहायचं ते ठाऊक हवं.

सकाळी उशिरा निघा. बोटीने यूरगोर्डेन बेटावर जा. स्लुसेनहून सुटणारी बोट बसच्याच तिकिटात बसते, सणाचं वेळापत्रक तेवढं आधी बघून ठेवा. पाणी, मनोरे, मागे सरकणारं गामला स्तान, आणि गुडघ्यांना त्रास शून्य. दुपारी तीनला सगळा देश टीव्हीसमोर बसतो. डिस्नेच्या जुन्या कार्टूनांचा एक कार्यक्रम आहे, १९६० पासून दरवर्षी २४ ला लागतो. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना त्यातले संवाद पाठ. तो संपला की घरातला कर्ता पुरुष "जरा पेपर आणतो" म्हणून बाहेर पडतो आणि पाच मिनिटांत दाढी लावलेला तोम्ते, म्हणजे इथला सांताक्लॉज, दार वाजवून विचारतो, इथे कुणी शहाणी मुलं आहेत का? आमच्या शेजारच्या मुलाने एका वर्षी बाबाचे बूट ओळखले होते.

आता मुख्य मुद्दा. २४ ला दुपारी अंधार पडायला लागला की हिरव्या लाइनच्या मेट्रोने स्कोग्सशिर्कोगोर्डेन स्टेशनला उतरा. ही दफनभूमी आहे. आस्प्लुंड आणि लेवेरेन्त्स या दोन तरुण वास्तुरचनाकारांनी १९१५ ची स्पर्धा जिंकून ती उभी केली. पाइनचं जंगल जसंच्या तसं ठेवलं आणि थडगी झाडांखाली मांडली. १९९४ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, जुन्या सिनेमांतली नटी ग्रेटा गार्बो इथेच आहे. नाताळच्या आदल्या दिवशी घरचं जेवण करून लोक मुलाबाळांसकट इथे येतात, आपापल्या माणसांच्या जागी मेणबत्ती लावतात, दोन मिनिटं थांबतात आणि बसस्टॉपकडे चालू लागतात. झाडांमधून जिथवर नजर जाते तिथवर दिवे. कुणी रडत नाही, कुणी भाषण करत नाही, पोरं बर्फात लोळतात. मी एन्शेदेला राहायला आलो तेव्हापासून २४ ला दुसरीकडे कुठे गेलेलो नाही.

विषय: उत्तर: २३ ते २७ डिसेंबर, स्टॉकहोम
प्रेषक: लिनशॉपिंगकर

सगळ्यांचे आभार. माल्मोकर, तुमचं आमंत्रण उन्हाळ्यासाठी राखून ठेवते.

ह्यांना आधी सुट्टी मिळत नाहीये आणि सासूबाई मुलाशिवाय हलायला तयार नाहीत, तेव्हा तारखा त्याच. काका, तुमची मेल मी काल फोनवर सासऱ्यांना वाचून दाखवली. त्यांनी लगेच होकार दिला. सासूबाई मागून म्हणाल्या, "सणासुदीच्या दिवशी स्मशानात? आणि परत येऊन आंघोळी कुठे करायच्या, एवढ्या थंडीत?" यावर काय सांगू?

आणि जेवणाचं कुणीच बोललं नाही.

विषय: उत्तर: २३ ते २७ डिसेंबर, स्टॉकहोम
प्रेषक: उप्सालाकर

जेवणाचं मी सांगतो. हॉटेल रद्द करा आणि छोटं का होईना, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. २४-२५ ला उघडे असतात ते पिझ्झावाले, फलाफलवाले, क्वचित एखादं भारतीय हॉटेल आणि मोठ्या हॉटेलांची यूलबूर्द. यूलबूर्द म्हणजे नाताळचं पंगतभर जेवण, माणशी पैसे भरपूर आणि शाकाहारी माणसाला त्यात बटाटे आणि बीट. त्यातही सापळे आहेत. यान्सन्स नावाचं एक प्रकरण असतं, साय घालून भट्टीत भाजलेले बटाट्याचे काप, वर खरपूस. इतकं साजूक दिसतं की आपण कौतुकाने सासूबाईंना वाढू. आत खारवलेले मासे असतात. लाल कोबीही विचारूनच घ्या, कधी कधी डुकराच्या चरबीत परततात. लाल-पांढऱ्या फोमच्या तोम्ते गोळ्यांत जिलेटिन.

चालेल असं सांगतो. रिसग्रिन्सग्रॉत, म्हणजे दुधात मऊ शिजवलेला तांदूळ, वर साखर आणि दालचिनी. इका या किराणा दुकानांत प्लॅस्टिकच्या नळकांड्यात तयार मिळतो, नुसता गरम करायचा. आत एक बदाम लपवतात, ज्याला मिळेल त्याचं पुढच्या वर्षी लग्न. लुसेकात हे केशराचे पाव, एसच्या आकाराचे, दोन्ही टोकांना बेदाणा. बेकरीत त्यांच्यावर अंड्याचा हात फिरवलेला असतो, म्हणून पाकिटावर वीगन लिहिलेले बघा. बिनदारूचा ग्लॉग सगळीकडे मिळतो. गरम करून त्यात बेदाणे आणि सोललेले बदाम टाकतात, लवंग-वेलचीचा असल्यामुळे आपल्या माणसांना पहिल्या घोटात पटतो. यूलमुस्त नावाचं काळं फसफसणारं पेय १९१० पासून आहे, डिसेंबरात कोकाकोलाला मागे टाकतं. मला ते खोकल्याच्या औषधासारखं लागतं, पण पोरांना आवडतं.

किराणा २३ लाच भरा. रोख पैसे मात्र सोबत बाळगू नका, निम्म्या ठिकाणी घेतच नाहीत.

जाता जाता: २७ ला वेळ असेल तर येव्लेला जा, स्टॉकहोमहून ट्रेनने दीड तास. चौकात १३ मीटर उंच गवताचा बोकड उभा करतात, १९६६ पासून. कायद्याने गुन्हा असूनही बऱ्याच वर्षी कुणी ना कुणी तो जाळलाय. पहिल्याच वर्षी ३१ डिसेंबरला जाळला. २०१६ ला पन्नाशी साजरी करायची होती, तर उभारल्याच्या दिवशीच खलास. २०२३ ला आगीतून वाचला तर गवतात दाणे राहिले होते म्हणून कावळ्यांच्या भाईबंदांनी टोचून टोचून खाल्ला. तुम्ही जाल तेव्हा आहे की नाही ते इंटरनेटवर कॅमेरा लावलेला असतो, त्यात बघून निघा.

विषय: उत्तर: २३ ते २७ डिसेंबर, स्टॉकहोम
प्रेषक: एन्शेदेकाका

वहिनींना सांगा, आमच्या मंडळींनीही पहिल्या वर्षी हेच विचारलं होतं. आता मेणबत्त्या त्याच आणतात. परतताना आमच्याकडे या, स्टेशनपासून पायी दहा मिनिटं. गरम पाणी भरपूर आहे, आणि पिठलं-भात. अंड्याचा हात कशालाही फिरवलेला नाही.

विषय: जाऊन आलो
प्रेषक: लिनशॉपिंगकर

मंडळी, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते.

बर्फ नव्हता. चार दिवस बारीक पाऊस. स्तूरतोर्येतला २३ ला दिवेलागणीला पोचलो, टपऱ्या निम्म्या आवरलेल्या, तरी सासूबाईंनी दोन लाकडी घोडे पदरात पाडून घेतले आणि एकीकडे घासाघीस करून बघितली. विक्रेतीला काय चाललंय ते कळलंच नाही.

२४ ला काकांनी सांगितल्याप्रमाणे गेलो. सासूबाई "मी फाटकाशी थांबते" म्हणून निघाल्या होत्या. आत बघितलं तर प्रॅममधली बाळं, थर्मास घेतलेल्या म्हाताऱ्या, एक कुत्रा. दहा मिनिटांनी त्याच पुढे. ज्यांचं वेगळं थडगं नाही अशांसाठी तिथे एक सामाईक जागा आहे, कुणीही दिवा ठेवावा. त्यांनी ह्यांच्याकडून झाकणाची मेणबत्ती मागून घेतली, आपल्या आईच्या नावाने लावली आणि मला म्हणाल्या, "फोटो काढू नकोस." नंतर काकूंच्या घरी आंघोळ नाही, पण हातपाय धुतले आणि पिठलं दोनदा घेतलं.

२६ ला वासा. सासरे तिथून निघेचनात. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत, जेमतेम तेराशे मीटर जाऊन, बंदरातच बुडालेलं जहाज. १९६१ मध्ये वर काढलं तेव्हा बहुतेक लाकूड शाबूत होतं, कारण बाल्टिकचं पाणी कमी खारट आणि लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यात टिकत नाही. सासऱ्यांची हयात कोकणात असल्या पोखरलेल्या फळ्या बघण्यात गेली, त्यामुळे त्यांनी तिथल्या गाइडला अर्धा तास प्रश्न विचारले: निरम, म्हणजे तळाशी भरलेलं वजन, जड नव्हतं तर वर इतक्या तोफा चढवल्या कुणी, आणि बंदर अधिकाऱ्याने जाऊ कसं दिलं? तिने सांगितलं की बुडण्याआधी तपासणीत तीस माणसं डेकवर इकडून तिकडे पळवली होती, जहाज इतकं डोलायला लागलं की पळणं थांबवावं लागलं, तरीही पाठवलं. तेव्हा "आमच्याकडे सस्पेंड केलं असतं" एवढं बोलून ते पुढच्या मजल्यावर गेले.

येव्ले राहिलं.

पूर्ण तळव्याच्या ब्रोद्दारचे दोन जोड, माप ३७ आणि ४२, आता पडून आहेत. पावसात कामच पडलं नाही. कुणाचे आई-वडील जानेवारी-फेब्रुवारीत येत असतील तर कळवा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घेऊन येते.